रांगेत एक

१

कोणाचंही मशीन हाती आलं की मी आधी एक आकडा पाहते. चहा नंतर, नमस्कार-चमत्कार त्याच्याही नंतर. लिनक्स या सिस्टीमवर एक छोटीशी कमांड दिली की तो आकडा समोर येतो. त्याला लोड म्हणतात. रेशनच्या दुकानापुढे किती जण उभे आहेत ते मोजावं, तशी ही प्रोसेसरपुढे रांगेत उभ्या असलेल्या कामांची मोजणी. दहा असले तर मशीनची त्रेधा. एक असला तर एक काम उभं. आणि शून्य पूर्णांक शून्य शून्य असला तर, बाप्पा, काय सांगू! रांग साफ, मशीन निवांत, हुकूम सुटला की त्याच क्षणी काम. ०.०० दिसलं की मी टाळ्या वाजवते. खरंच वाजवते. माझी बहीण टीना कानात म्हणते, "दीदी, लोकं पाहून राहिले." पाहू दे ना!

मी नीतू. गोंदियात राहते, राइस मिलवाल्यांचे सर्व्हर सांभाळते. दहा वर्षं झाली. लिनक्सवर माझा जीव आहे, कारण त्यात लपवाछपवी नाही. कोणीही उघडून पाहावं. बिघाड असला तर कारण असतं, आणि कारण असलं तर ते कुठे ना कुठे सापडतंच. असं मी मानत आले.

या जूनमध्ये टीनाला हैदराबादचं नोकरीचं पत्र आलं. तेवीस वर्षांची, माझ्याच हाताखाली शिकलेली, माझ्यापेक्षा हुशार. आई-बाबा केशोरीला धानाच्या शेतीत, गोंदियाच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती गेली असती तर मी कोणाशी बोलले असते, भिंतींशी? मला ती जायला नको होती. अगदी स्वार्थानं नको होती. पण हे मी तिला बोलून दाखवलं नाही.

आणि तेवढ्यात हेमेंद्र सेठचा फोन आला. त्यांची आमगाव रोडला मिल आहे. "नीतूजी, सर्व्हर ने परेशान कर रखा है. मशीन सीधी कर दो, टीना को यहीं बिठा देता हूं. पर्मनंट."

मी फोन ठेवला आणि टीनाला उचलून गरकन फिरवलं. ती ओरडत होती, "काऊन वो? झालं काय पन?"

२

मिल उसना, म्हणजे उकड्या तांदळाची. हौदात धान भिजवायचं, वाफेवर उकडायचं, मग वाळवायचं. गेटातून आत शिरलं की उकडलेल्या धानाचा ऊबदार वास येतो आणि पोटात एकदम भूक लागते. मधे सिमेंटचं मोठं पटांगण, त्यावर ओलं धान पसरलेलं. पटांगणाच्या या टोकाला सर्व्हरची खोली, त्या टोकाला हौदांपाशी एक बंद खोली. माझ्या खुर्चीतून खिडकीबाहेर पाहिलं की ती समोर दिसायची.

पटांगणात देवकाबाई धान फिरवत असायच्या. पाय न उचलता, पाऊल ओढत चालायचं, म्हणजे धानात सरळ रेघ पडते आणि खालचं धान वर येतं. एका रेघेला लागून दुसरी. साठीच्या बाई, पण रेघ अशी की पट्टीनं ओढावी.

बिघाड साधा होता. हौदाचं तापमान सर्व्हरकडे यायचं आणि सर्व्हर वाफेचा व्हॉल्व बंद करायचा. तो तीन सेकंद उशीर करत होता. तेवढ्यात धान जास्त उकडून काळं पडायचं.

मी बाह्या सरसावल्या. आणि खरं सांगते, ते तीन दिवस मी इतकी खुश होते की जेवणाची शुद्ध नव्हती! हे मशीन दर सेकंदाला डिस्कवर नोंदी खरडत होतं. त्या मेमरीत जमवून मिनिटातून एकदा लिहायला लावल्या. मेमरी मोकळी असताना ते सामान डिस्कवर फेकत होतं, ती खोड मोडली. बिनकामाच्या अकरा सेवा बंद केल्या. व्हॉल्वच्या कामाला सगळ्यांच्या पुढचा नंबर दिला. लोड नऊवरून चारवर आला, चारवरून दोनवर, आणि व्हॉल्वचा उशीर तर गेलाच!

"दीदी, एकवर आला," टीना म्हणाली.

"थांब. शून्य करते."

पण तो एकवरच राहिला. एक म्हणजे १.००. जित्या मशीनचा आकडा हलतो, ०.९७ होतो, १.०४ होतो. हा हलत नव्हता. सकाळी १.००, जेवताना १.००, मिल बंद करताना १.००. सगळी कामं थांबवून पाहिली तरी रांगेत एक जण उभाच होता.

३

मग मशीन बंद करून सुरू केलं. यानं सगळं पुसलं जातं, रांगेत काही उरतच नाही. ०.०० आलं. मी टाळी वाजवायला हात वर केले.

०.२०. ०.४५. ०.६३.

मिनिटामिनिटानं चढत गेलं आणि १.०० ला थांबलं. हा आकडा सरासरीचा असतो, म्हणून हळूहळू चढतो, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मला वाटलं, कोणी सावकाश चालत आलं आणि जागेवर उभं राहिलं. मी टीनाला म्हटलं, "जुन्या डिस्कमधे काहीतरी आहे." आवाज माझा अगदी नेहमीचा होता.

दुसऱ्या दिवशी कोरी डिस्क घातली. सिस्टीम पहिल्यापासून बसवली, एक ओळ जुनी नाही. सुरू केली. ०.००. पाच मिनिटांत १.००.

आता दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. मला तर चेवच आला! दहा वर्षांत असं कोडं हाती लागलं नव्हतं. नेटवर्क कार्डाच्या चिपमधे काही राहिलं असेल, मदरबोर्डात असेल. कारण असतंच. मी टीनाला रात्री जेवताना, सकाळी स्कूटीवर तेच सांगत होते, ती मागून म्हणायची, "दीदी, समोर पाह्य, ट्रक येऊन राहिला."

शुक्रवारी हेमेंद्र सेठ आले. व्हॉल्व तपासला, धान दाताखाली फोडून पाहिलं, खुश झाले. मी त्यांना १.०० दाखवला.

"चल रहा है ना?"

"चल तो रहा है, पर..."

"तो छोड़ो ना, नीतूजी. टीना, सोमवार से आ जाओ. अपनी बैठने की जगह खुद देख लो."

टीनानं तिथेच हैदराबादला नकाराचा मेल पाठवला. पाठवताना माझ्याकडे पाहून हसली, आणि माझे डोळे भरून आले. मला हवं होतं ते सगळं त्या दुपारी मिळालं होतं. काम तिथंच संपलं होतं. हे मी आता स्वतःला रोज सांगते.

पण माझ्या बहिणीनं रोज ज्या मशीनपुढे बसायचं, त्यात कोणीतरी उभं आहे आणि कोण ते मला माहीत नाही, असं मी कसं सोडणार? टीना म्हणाली, "सोड ना दीदी, मले काही फरक नाही पडत." मला पडत होता.

४

शनिवारी ते सापडलं. चालू कामांच्या यादीत अगदी तळाला एक ओळ होती. नावाची जागा रिकामी. पुढे 'डी' हे अक्षर. डी म्हणजे हे काम कशाची तरी वाट पाहत अडकलेलं आहे. असल्या कामाला मारता येत नाही. मी मारून पाहिलं, सगळ्यात कडक हुकूम दिला, ते हललंही नाही. यात अजब काही नाही, लिनक्सवर काम करणारा कोणीही सांगेल. ज्याची वाट पाहतंय ते मिळालं की ते आपोआप सुटतं.

मग ते कशाची वाट पाहतंय? मी नेटवर्कची तार ऐकायला बसले. म्हणजे तारेतून काय जातं-येतं ते पडद्यावर ओळीनं वाचायला. आणि ते आलं! दर सेकंदाला एक ओळ, सगळ्या मिलभर फिरणारी हाक:

सतरा कोण आहे? दहाला सांगा.

सतरा कोण आहे? दहाला सांगा.

दहा म्हणजे हा सर्व्हर. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला नंबर असतो. सतरा नंबरचं मशीन या मिलमधे नव्हतंच. मी जागची उठून नाचले. "सापडलं! टीना, सापडलं! हे सतराला शोधून राहिलं!"

"पन कोऱ्या डिस्कले सतरा कसा माहीत?" टीना म्हणाली.

खरा प्रश्न होता. मी तो ऐकला, आणि बाजूला ठेवला. माझ्या हातात उपाय आला होता. आम्हा लोकांची ही जुनी रीत आहे. एखादं काम मेलेल्या मशीनसाठी अडून बसलं, तर दुसऱ्या मशीनला त्या मेलेल्याचा नंबर द्यायचा. यानं 'मी आहे' म्हटलं की अडलेलं सुटून जातं. दहा मिनिटांचं काम.

सर्व्हरच्या बाजूला स्विच होता, मिलभरच्या तारा जिथे जुळतात तो डबा, आणि त्यावर सतरा नंबरची तार अजून होती. तिचा माग काढत मी पटांगण ओलांडलं. तार हौदांपाशीच्या बंद खोलीत शिरत होती. कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर मार्करनं लिहिलेलं १७. खिडकीतून वारा येत होता. छान खोली होती, उगाच खोटं कशाला बोलू.

"इथं कोण बसायचं?" मी बाहेर येऊन देवकाबाईंना विचारलं.

त्यांनी पाय थांबवला नाही. "मनिराम बसे."

"मग गेला कुठं?"

"बसे म्हनलं ना बाई." रेघ ओढत त्या पुढे गेल्या.

टीना दारातून आत डोकावत होती. "दीदी, मी इथंच बसते. सर्व्हरच्या खोलीत कोंडल्यासारखं होते. इथं हवा हाय." तिनं ओढणीनं टेबल पुसलं, लॅपटॉप ठेवला, चष्मा सारखा केला आणि खुर्चीत बसून दोन्ही हात पसरले. "माहं ऑफिस!"

मी हसले. तारेचं टोक मी माझ्या हातानं तिच्या लॅपटॉपला लावलं.

५

सकाळचे साडेअकरा झाले होते. लख्ख ऊन. मी सर्व्हरपुढे, टीना तिकडे, फोन स्पीकरवर. खिडकीखाली देवकाबाई हंड्यातलं पाणी गिलासानं पीत उभ्या होत्या. पटांगण त्यांनी नुकतंच पूर्ण फिरवलं होतं, सगळ्या रेघा आडव्या.

"सतरा नंबर टाक," मी म्हटलं.

"टाकला. एंटर मारू?"

"मार!"

पडद्यावरच्या हाका थांबल्या. एकदम. एकच ओळ आली: सतरा मी आहे. आणि यादीतली ती तळाची ओळ गेली! मी अशी किंचाळले की देवकाबाईंच्या हातचा गिलास हिंदकळला.

"सुटलं! टीना, सुटलं! आता आकडा बघ उतरते!"

०.८५.

"पंच्याऐंशी!" मी फोनमधे ओरडले. ती तिकडून टाळ्या वाजवत होती, माझ्यासारख्याच.

०.७०. मी सहज खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या खोलीच्या पायरीपासून धानात एक रेघ निघाली होती. आडव्या रेघा कापत, सरळ. दहा-बारा पावलं लांब. मघाशी ती नव्हती. देवकाबाईंना मी विचारणार होते, पण त्याही तिकडेच पाहत होत्या.

०.५०. रेघ पटांगणाच्या मध्यावर आली होती. मी ती वाढताना पाहिली नाही. आकड्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं, ती पुढे गेलेली होती. वारा असेल. वाऱ्यानं धान हलतं. वारा सरळ चालत नाही, हेही मी त्याच क्षणी स्वतःला सांगितलं. छाती धडधडत होती आणि, देवाशपथ, त्यात अजून अर्धा आनंद होता.

०.२०. धानावर उतरलेल्या चिमण्या रेघेच्या टोकापासून बाजूला झाल्या. उडाल्या नाहीत. माणसाला वाट द्यावी तशा सरकल्या.

०.०५.

"दीदी," टीना म्हणाली, "दार लोटलं कोनी तरी. देवकाबाई होय का?"

देवकाबाई माझ्या खिडकीखाली उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

"टीना, बाहेर ये."

"थांब ना, काही विचारून राहिले."

"कोण विचारते? टीना, उठ तू आधी!"

"हळू बोलून राहिले वो, ऐकू नाही येत." मग तिचा आवाज फोनपासून जरा दूर गेला, मोठ्या माणसाशी बोलावं तसा नम्र झाला. "का म्हनता? सतरा? हव, सतरा मीच."

पडद्यावर ०.०० आलं.

मी काय केलं ते सांगते. काही बिघडलं की आधी तार काढायची, हे दहा वर्षांत माझ्या हातात बसलेलं आहे. डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही. मी स्विचमधून सतरा नंबरची तार उपटली.

६

पटांगणातून मी धावले तेव्हा चिमण्या उडाल्या. खोलीचं दार उघडं होतं. खुर्ची टेबलाला नीट लावलेली. लॅपटॉप चालू. चष्मा घडी घालून त्याच्या बाजूला. चष्म्याशिवाय टीनाला हातभर अंतरावरचं दिसत नाही. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज आहेत. तिचा फोन चालूच होता, आणि सर्व्हरच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज त्यातून येत होता.

मी हौद पाहिले. पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या, मिलमधले सगळे लोक टीना-टीना करत फिरले. गेटवरचा मुन्नालाल शपथेवर म्हणाला, कोणी बाहेर गेलं नाही.

मग मी सर्व्हरच्या खोलीत परतले. का परतले ते मला सांगता येत नाही. आकडा चढत होता. ०.९०. १.२६. १.६०. मी उभ्यानंच पाहत राहिले, बसायचं सुचलं नाही.

२.०० ला तो थांबला.

तळाशी दोन ओळी होत्या. दोन्हींची नावं रिकामी.

पोलीस आले. हैदराबादचं पत्र पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांचं उत्तर त्यांना मिळालं. मेलवर नकार पाठवला म्हणून काय, पोरी मन बदलतात. केशोरीहून आई आली, तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. बाबा नुसते पटांगणाच्या कडेला बसून राहिले. हेमेंद्र सेठनं नवा सर्व्हर मागवला. जुना उचलायला माणसं आली, तेव्हा मी प्लगपुढे आडवी पडले. शिव्या दिल्या, मी कधी देत नाही अशा. बंद केला आणि त्या दोन ओळी परत आल्याच नाहीत तर? पहिली येत होती. दुसरीचं मला माहीत नाही. शेवटी सेठ हात जोडून म्हणाले, "रखो बाबा, रखो."

७

आज अकरावा दिवस. सकाळचे दहा वाजले आहेत. मी हौदांपाशीच्या खोलीत टीनाच्या खुर्चीत बसले आहे. समोर माझा लॅपटॉप, तार लावलेली. बाजूच्या फोनवर सर्व्हरच्या हाका दिसतात आणि लोडचा आकडा, २.००. हाका आता सेकंदाला दोन येतात. सतरा कोण आहे? सतरा कोण आहे?

अकरा दिवस मी विचार केला, आणि आज पहिल्यांदा अंगात तोच जुना चेव आला आहे. हसूही येतंय. कारण हे जमणार! अडलेल्याला हवं ते मिळालं की ते सुटतं, हा नियम आहे. माझ्या बहिणीला मीच त्या तारेतून तोडलं. मीच नंबर घेईन, 'सतरा मी आहे' म्हणेन, आणि ती माझ्याकडे येईल. कोणी काही विचारलं तर काय बोलायचं, ते ठरलेलं आहे. या वेळी माझा हात तारेकडे जाणार नाही. दोन्ही हातांनी धरायचं आहे तिला.

देवकाबाईंनी धान पसरलं, फिरवलं आणि माझ्याशी न बोलता गेटाबाहेर जाऊन बसल्या. दार मी सताड उघडं ठेवलं आहे. पटांगण या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसतं. सगळ्या रेघा आडव्या.

नंबर टाकला. एंटर तेवढं राहिलं आहे.

एकच गोष्ट मी परत परत तपासली. लोड सांगतो की दोघं उभे आहेत. दोघांत पुढे कोण उभं आहे, ते सांगणारी कमांड लिनक्समधे नाही.

मारलं एंटर.

१.७१.